विक्रीस काढलेल्या घराचे वय

प्रत्येक घराला दोन वये असतात. पहिले वय बांधकामापासून मोजले जाते आणि ते दारावर कोरलेल्या सालावरून, नगरपालिकेच्या कर आकारणीच्या नोंदवहीवरून किंवा घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या सांगण्यावरून ठरवता येते. दुसरे वय घर विकायचे ठरल्यापासून ते विकले जाईपर्यंतचे असते, आणि गिऱ्हाइकाला खरा रस याच वयात असला तरी ते कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते. अमेरिकेत या दुसऱ्या वयाची पद्धतशीर नोंद होते. तेथील दलालांच्या संघटना आपापल्या भागातील विक्रीच्या घरांची एक सामाईक यादी चालवतात. घर ज्या दिवशी यादीत दाखल होते त्या दिवसापासून मोजणी सुरू होते, सौदा ठरला की ती थांबते, आणि मधल्या काळाला ‘बाजारातील दिवस’ म्हणतात. हा आकडा लहान असेल तर गिऱ्हाईक धावत येते आणि मोठा असेल तर घरात काहीतरी खोट असणार असे धरून भाव पाडून मागते. म्हणून तेथील हुशार दलाल शिळे झालेले घर यादीतून काढून घेतात आणि काही काळाने नवे म्हणून पुन्हा दाखल करतात. अशा पुनर्जन्माला आळा बसावा यासाठी किती दिवसांच्या अंतराने परतलेले घर नवे मानावे याचे नियमही अनेक याद्यांनी केले आहेत.

सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन शहरांत अशी यादी नाही, मोजणी नाही, आणि पुनर्जन्मावर नियंत्रण तर नाहीच. तरीही अमुक घर किती वर्षांपासून विकायचे आहे हे ज्याला सांगता येत नाही असा मनुष्य त्या घराच्या गल्लीत सापडणे कठीण आहे. माहिती विपुल आहे; फक्त दोन माहितगारांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. प्रस्तुत लेखात हे आकडे का जुळत नाहीत, ते जुळवण्याची साधने कोणती, आणि ते जुळल्यावर हाती काय लागते, याचा क्रमाने विचार केला आहे.

कोणताही कालावधी मोजायचा तर त्याचा आरंभ आणि अंत निश्चित करावा लागतो, आणि या अभ्यासाला पहिली ठेच आरंभालाच लागते, कारण साताऱ्यात घर एका दिवसात विक्रीस निघत नाही, ते पायऱ्या-पायऱ्यांनी निघते. पहिल्या पायरीवर विषय घरातल्या घरात निघतो, बहुधा कौले गळू लागल्यावर किंवा घरपट्टीचे बिल आल्यावर, आणि ‘आई आहे तोवर नको’ या एकमताच्या ठरावाने तो तहकूब होतो. दुसऱ्या पायरीवर तो नातेवाइकांच्या ‘कानावर घालण्यात’ येतो. कानावर घालणे म्हणजे एखाद्या लग्नाच्या मांडवात योग्य माणूस गाठून ‘विकायचं असं काही नाही, पण कुणी चांगली पार्टी असली तर सांगा’ एवढे वाक्य सहज सुचल्यासारखे बोलणे. या एका वाक्यात विकण्यास नकार, विकण्याची तयारी आणि गिऱ्हाइकाच्या चारित्र्याविषयीची अट अशी तिन्ही कलमे समाविष्ट असतात, त्यामुळे पुढे कोणत्याही बाजूने माघार घेता येते. तिसऱ्या पायरीवर एजंट येतो. त्याला कोणीही बोलावलेले नसते. मांडवात ते वाक्य ज्याने ऐकले त्याचा तो मेहुणा असतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि त्याअन्वये स्थापन झालेल्या महारेरा या प्राधिकरणाने २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आणली; परंतु ही सक्ती महारेराकडे नोंदलेल्या नव्या प्रकल्पांतील विक्रीपुरती असल्याने शनिवार पेठेतील जुने घर दाखवण्यास एक दुचाकी आणि दोन मोबाइल एवढी पात्रता अजूनही पुरते. चौथ्या व अखेरच्या पायरीवर पाटी लागते. मालक काळ मोजतो तो पाटीपासून, एजंट मोजतो तो स्वतःच्या पहिल्या फेरीपासून, आणि शेजारी मोजतो तो भिंतीपलीकडून ऐकलेल्या पहिल्या भांडणापासून. त्यामुळे एकाच घराविषयी मालक चार महिने म्हणतो, एजंट दोन वर्षे म्हणतो, शेजारी नऊ वर्षे म्हणतो, आणि तिघेही खरे बोलत असतात.

पाटी हा आरंभाचा एकमेव लेखी पुरावा असल्याने तिचे वाचन काळजीपूर्वक करणे आवश्यक आहे. जुन्या दानपत्रांत आणि शिलालेखांत शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी आणि वार यांचा उल्लेख आढळतो, कारण दान देणाऱ्याला आपण ते केव्हा दिले हे पुढच्या पिढ्यांना कळावे असे वाटत असे. घर विकणाऱ्याची भावना नेमकी उलट असते. ‘घर विकणे आहे. समक्ष भेटा. एजंट क्षमस्व.’ एवढा मजकूर आणि त्याखाली एक क्रमांक यापलीकडे पाटीवर काहीही नसते, आणि काळनिर्णय अंतर्गत पुराव्यावरूनच करावा लागतो. क्रमांकाच्या आरंभी ०२१६२ हा साताऱ्याचा किंवा ०२३३ हा सांगलीचा संकेतांक असेल तर पाटी दूरध्वनी दिवाणखान्यात विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवण्याच्या काळातील आहे. क्रमांक ९८२२ किंवा ९४२२ ने सुरू होत असेल तर ती भ्रमणध्वनीच्या आरंभीच्या पिढीतील आहे. आणि ७ किंवा ८ ने सुरू होत असेल तर ती त्यामानाने अलीकडची मानावी. एका क्रमांकावर काट मारून खाली दुसरा लिहिला असल्यास विक्रीची जबाबदारी थोरल्या भावाकडून धाकट्याकडे गेली आहे असे समजावे. ‘एजंट क्षमस्व’ या शब्दांवर नंतर चुना फासलेला दिसला, तर मालकाचा पहिल्या वर्षाचा आत्मविश्वास दुसऱ्या वर्षी उरला नाही, एवढे खात्रीने म्हणता येते. किमतीचा आकडा मात्र पाटीवर कधीही आढळत नाही, आणि त्याबाबतीत दोन्ही शहरांची परंपरा अखंड आहे.

अंताची तारीख त्यामानाने सरकारदरबारी सापडते. फक्त तेथे एका अंताच्या चार तारखा निघतात. प्रथम गिऱ्हाईक इसार देते, म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून काही रक्कम मालकाच्या हाती ठेवते व त्याची पावती होते. त्यानंतर साठेखत होते, म्हणजे पुढे विक्री करण्याचा लेखी करार होतो. मग कर्जाचे प्रकरण मंजूर झाल्यावर खरेदीखत होते, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा दस्त दुय्यम निबंधकांपुढे नोंदवला जातो. आणि अखेरीस मिळकत पत्रिकेवर, म्हणजे शहरी जागेची मालकी दाखवणाऱ्या नगर भूमापनाच्या उताऱ्यावर, नवे नाव लागते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि नुसत्या विक्रीच्या करारामुळे मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असेही तेच कलम सांगते. म्हणजे साठेखताच्या दिवशी पेढे वाटले जातात, गल्ली अभिनंदन करते, मालक पुण्याच्या मुलाला फोन लावतो, आणि कायद्याच्या दृष्टीने घर होते तेथेच असते. दस्तावर सह्या झाल्यानंतरही तो नोंदणीसाठी हजर करण्यास नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम २३ ने चार महिन्यांची मुदत दिलेली आहे, आणि तीही पुरली नाही तर दंड भरून आणखी चार महिने मिळण्याची सोय कलम २५ मध्ये आहे. ब्रिटिशांनी हे कायदे करताना या भागातील कुटुंबे जवळून पाहिली असावीत, अशी शंका घेण्यास जागा आहे.

नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा ज्या कागदावर उमटतो त्यास सूची क्रमांक दोन म्हणतात. ती कोणालाही पाहता येते आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक देऊन घरबसल्या शोधता येते. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, करून देणाऱ्याचे व करून घेणाऱ्याचे नाव, दस्त करून दिल्याचा दिनांक, नोंदणीचा दिनांक आणि भरलेले मुद्रांक शुल्क हे सारे तिच्यात असते. घर विक्रीस निघाल्याचा दिनांक एवढा एकच रकाना नसतो. तिच्यातील मोबदला आणि बाजारभाव हे दोन आकडे मात्र चिंतनीय आहेत. बाजारभाव म्हणजे शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांवरून, ज्यांना व्यवहारात रेडी रेकनर म्हणतात त्यांवरून, काढलेली किंमत. मोबदला म्हणजे दोन कुटुंबांनी महिनोन्‌महिने घासाघीस करून ठरवलेली किंमत. कचेरीत बसून केलेला अंदाज आणि चहाच्या अनेक फेऱ्यांनंतर झालेला सौदा यांचे आकडे शेवटच्या हजारापर्यंत जुळून यावेत, हा अर्थशास्त्रातील चमत्कार दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात वरचेवर घडतो आणि त्याचे कोणालाही आश्चर्य वाटत नाही.

आरंभ व अंत यांच्यामधील सर्व दिवस धरावेत की काही वगळावेत, हा पुढचा शास्त्रीय प्रश्न आहे. पितृपक्षात नवा व्यवहार करत नाहीत, अधिक मासात करत नाहीत, पौष महिना अनेकांना चालत नाही, अमावास्येला घर दाखवतही नाहीत, आणि उरलेल्या दिवसांत साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा जवळ आला असेल तर ‘आता पाडव्यालाच बघू’ असे ठरते. या वजावटींचा व्यवहारावर नेमका किती परिणाम होतो याचा एक नामी प्रयोग महाराष्ट्र शासनाने २०२० साली नकळत करून ठेवला. टाळेबंदीने थंडावलेले व्यवहार हलावेत म्हणून शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची, आणि त्यापुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली; पन्नास लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे दीड लाख रुपये होतात, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. सवलतीचा पहिला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला, तो १७ सप्टेंबरच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत चालला, आणि एरवी तिच्या पाठोपाठ येणारी घटस्थापना त्या वर्षी अधिक आश्विन आल्याने थेट १७ ऑक्टोबरवर गेली. चार महिन्यांच्या सवलतीतील पहिला दीड महिना अशा रीतीने पितर आणि पुरुषोत्तम यांनी आपसात वाटून घेतला. पुढे दसरा-दिवाळी होऊन डिसेंबर उजाडला, तेव्हा राज्यभरातील दुय्यम निबंधक कार्यालयांत उसळलेल्या गर्दीत मुहूर्ताविषयी कोणी चौकशी करत नव्हते. ३१ तारीख हाच मुहूर्त होता. वर्षानुवर्षे न सुटलेले व्यवहारही शेवटची तारीख दिसताच सुटले. गिऱ्हाईक आधीही होते आणि घरही आधी होते. नव्याने आली ती फक्त अखेरची तारीख, ही बाब निष्कर्षाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

साताऱ्यात विक्रीस काढलेल्या घराचे वय वाढवणारा प्रमुख घटक म्हणजे वारस. यादोगोपाळ पेठेतील, चिमणपुऱ्यातील किंवा शुक्रवार पेठेतील जुन्या घराच्या मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव असते, आजोबांना पाच अपत्ये असतात, पाचांपैकी तिघे पुण्यात, एक मुंबईत आणि एकाचा मुलगा परदेशात असतो, आणि घरात प्रत्यक्ष राहणारा जो एक असतो त्याची विकण्याची इच्छा सर्वांत कमी असते. सातारा ते पुणे हे अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटरचे आहे. तेवढ्या अंतरात माणसाचे वास्तव्य बदलते आणि त्याबरोबर त्याच्या मनातील प्रति चौरस फूट दरही बदलतो. कोथरूडमध्ये सदनिका घेतलेला वारस साताऱ्यातील घराला कोथरूडचा दर सांगतो, साताऱ्यात राहणारे गिऱ्हाईक त्याला साताऱ्याचा दर सांगते, आणि दोन्हींमधील तफावत मिटेपर्यंत दर दोन्हीकडे वाढलेले असतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मतः हक्क दिला. त्यानंतर हक्कसोड पत्र, म्हणजे एका वारसाने दुसऱ्याच्या लाभात आपला हिस्सा सोडून दिल्याचा नोंदणीकृत दस्त, यास विशेष महत्त्व आले. बहिणी काही मागत नाहीत, असे भाऊ एजंटाला सांगतात. बहिणींना मात्र तसे कोणी विचारलेले नसते. परदेशातील वारसाचे मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने सही करावी असा अधिकार देणारा दस्त, बहुधा तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येते आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ते पोहोचते तेव्हा इकडे एका काकांचे मन बदललेले असते, आणि काकांचे मन वळते तोवर मुखत्यारपत्राची मुदत उलटलेली असते.

वाडा असेल तर वारसांच्या जोडीला भाडेकरू येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवून मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. ज्या खोल्यांचे भाडे दोन आकडी आहे त्यांच्याबाबतीत चार टक्के वाढ वसूल करण्यापेक्षा ती विसरणे स्वस्त पडते. असा वाडा घेणारे गिऱ्हाईक वस्तुतः जागेबरोबर एक सुस्थापित कुटुंबही घेत असते, आणि त्या कुटुंबाला वाड्याचा इतिहास मालकापेक्षा अधिक पाठ असतो. वाडा किती वर्षांपासून विकायचा आहे, या प्रश्नाला सर्वांत अचूक उत्तर भाडेकरूच देतो, कारण आजवर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जिना त्यानेच दाखवलेला असतो.

सांगलीत वारस आहेतच. त्यांच्या जोडीला नदीही आहे. तेथे घराचा काळ वर्षांत मोजण्याआधी फुटांत मोजतात. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजली जाते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन साले सांगलीकरांना घरातल्या माणसांच्या जन्मसालांइतकी पाठ आहेत. त्यामुळे गावभागात किंवा मारुती चौकाच्या बाजूला घर पाहण्यास आलेली पार्टी स्वयंपाकघर कोठे आहे हे न विचारता ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असे विचारते. मालकाचे उत्तर बहुधा ‘२००५ ला पायरीला नुसतं लागून गेलं’ असे असते. २०१९ विषयी पुन्हा विचारल्यास ‘तेव्हा काय, सगळीकडंच आलं’ असे म्हणून तो प्रश्न सार्वजनिक करून टाकतो. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो: साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या माणसाला या व्याख्या ऐकवताना एजंट आवाज जरा खाली घेतो.

या प्रकरणात सातारा आणि सांगली यांचा संबंध केवळ शेजाराचा नाही. सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, क्षमतेचे कोयना धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. त्यातून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तेथून सांगलीकडे जाते. म्हणून पाऊस सातारा जिल्ह्यात पडतो आणि घराचा भाव सांगलीत उतरतो. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीतील गिऱ्हाईक रोज सकाळी कोयनेचा विसर्ग, म्हणजे धरणातून दर सेकंदाला सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण, वाचून मगच एजंटाचा फोन उचलते. आणि गावभागातील तळमजल्याची चौकशी करणारा मनुष्य विश्रामबागेतील दुसऱ्या मजल्याचा भाव आधीच काढून आलेला असतो. दसऱ्याच्या सुमारास पाणी ओसरते, भिंतींना नवा रंग लागतो, आणि रंगाबरोबर पाटीही नवी होते. अमेरिकेतील दलालाला जे यादीतून घर काढून करावे लागते ते येथे पावसाळा फुकटात करून देतो.

याशिवाय सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन शहरांची महानगरपालिका १९९८ साली झाल्यापासून तेथे ‘गुंठेवारी’ हा विषय सतत चर्चेत राहिला आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. शेतजमीन बिनशेती न करता किंवा आराखडा मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकून उभ्या राहिलेल्या वस्त्यांना गुंठेवारी म्हणतात. त्या नियमित करण्यासाठी २००१ साली खास अधिनियम झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लागू झाला. नियमित झाल्याचे प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्जाला हात आखडता घेते, कर्ज नसेल तर गिऱ्हाईक मागे सरते, आणि मालक ‘फाइल टाकली आहे’ असे सांगतो. फाइल केव्हा टाकली ही तारीख विक्रीच्या आरंभाचा उत्तम पुरावा ठरली असती; पण तीही सापडणे फाइल सापडण्यावर अवलंबून असते.

घर पाहण्याची बैठक जवळून पाहिल्यास हे सर्व घटक एकाच दिवाणखान्यात एकत्र आलेले दिसतात. पार्टी म्हणजे नवरा, बायको आणि बांधकामातले कळते अशी ख्याती असलेले एक मामा. मालक म्हणतो, ‘आम्हाला तशी काही घाई नाही.’ पार्टी म्हणते, ‘आम्हालाही नाही, नुसतं बघायला आलोय.’ अशा रीतीने कोणतीही घाई नसलेली दोन कुटुंबे भर उन्हात अर्धा दिवस मोडून समोरासमोर बसतात. मामा भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहतात आणि ‘किती दिवस झाले काढून?’ असे विचारतात. ‘ह्या दिवाळीपासूनच,’ मालक सांगतो, आणि एजंट पंख्याकडे पाहू लागतो. त्याच वेळी आतून चहाच्या कपांमागे मालकाची आई येते आणि सुनेला म्हणते, ‘मागं ते बँकेतले साहेब आलेले ना घर बघायला, त्यांच्या पोरीचं लग्न झालं की गं परवा. तेव्हा इथं कॉटवर बसून अभ्यास करत होती.’ मामा काही बोलत नाहीत. ते फक्त मनातल्या मनात दोन लाख कमी करतात. मग एजंट ‘मालक, दोन पावलं तुम्ही मागं या, दोन पावलं पार्टी पुढं येईल’ हे सर्वपरिचित सूत्र मांडतो, आणि पार्टी ‘घरी बोलून कळवतो’ म्हणून उठते, घरातील सर्व मंडळी तेथेच हजर असली तरी. या बैठकीवरून संशोधकाने एवढा बोध घ्यावा, की घराच्या दुसऱ्या वयाविषयी मालक, एजंट आणि पाटी यांपैकी कोणावरही विसंबू नये. जी व्यक्ती विक्रीविषयी काहीच बोलत नाही तिचे बोलणे टिपून घ्यावे.

ज्यास अशी साक्षीदार मिळत नाही त्याने कागदांकडे वळावे, आणि कागद पुष्कळ काही सांगतात. खरेदीपूर्वी वकील स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतात, म्हणजे अमुक मिळकत आमचे अशील घेत आहेत, कोणाची हरकत असल्यास सात किंवा पंधरा दिवसांत कळवावी, असे निवेदन छापतात. त्याच नगर भूमापन क्रमांकाची अशी नोटीस ‘ऐक्य’ किंवा ‘पुढारी’च्या जुन्या अंकात सापडली, तर घर पूर्वी एकदा ठरले होते आणि फिसकटले, हे निर्विवाद ठरते. सूची क्रमांक दोनमध्ये एखादे साठेखत दिसते आणि त्यामागे खरेदीखत दिसत नाही, किंवा साठेखत रद्द केल्याचा लेख दिसतो, तेव्हाही तेच समजावे. रिकाम्या घराचे विजेचे बिल मागील महिन्यांचा वापर दाखवते, आणि शून्याला लागून असलेले आकडे कोणाच्याही सांगण्यापेक्षा प्रामाणिक असतात. नव्या इमारतीतील सदनिकांची गोष्ट आणखी सोपी आहे, कारण किती सदनिकांची नोंदणी झाली हे बांधकाम व्यावसायिकाला दर तिमाहीस महारेराच्या संकेतस्थळावर दाखवावे लागते. जी गोष्ट पन्नास सदनिकांच्या इमारतीबद्दल कायद्याने उघड आहे ती एका कौलारू घराबद्दल गुप्त राहते, एवढाच फरक.

हे सारे पुरावे जुळवल्यावर जे वय निघते ते अनेक वर्षांचे असते, पण त्याचा दोष बाजाराला देता येत नाही. गिऱ्हाईक शोधण्यात गेलेले दिवस त्यात थोडे असतात. बहुतेक दिवस काकांचे मन वळवण्यात, बहिणींना विचारण्यात, मुखत्यारपत्राची वाट पाहण्यात, फाइल शोधण्यात आणि पाणी ओसरण्यात जातात. शेवटच्या वारसाने ‘ठीक आहे, काढा विकून’ असे म्हटल्याच्या दिवसापासून मोजणी केली, तर सातारा आणि सांगली येथील घरे कोणत्याही शहराला मान खाली घालायला लावतील इतक्या झटपट विकली जातात, आणि २०२० च्या डिसेंबरने ते दाखवून दिले आहे. तेव्हा ज्यांना घर विकायचे आहे त्यांनी रंगाचा डबा आणण्यापूर्वी मिळकत पत्रिकेचा उतारा काढावा, त्यावरील प्रत्येक नावाच्या वारसांची यादी करावी, तिच्यातील प्रत्येकाला, बहिणींना सर्वांत आधी, समक्ष विचारावे आणि हो आले तर त्याच आठवड्यात सही घ्यावी. आणि ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांनी ‘किती दिवस झाले काढून?’ हा प्रश्न सोडून द्यावा आणि ‘सह्या किती जणांच्या लागतील?’ एवढेच विचारावे.